मागे म्हणजे कुठे? ‘रिग्रेशन’ या एका शब्दाचे अनेक अर्थ

कॅन्सरच्या उपचारांनंतर स्कॅनचा रिपोर्ट हातात येतो आणि त्यात ‘रिग्रेशन’ हा शब्द दिसतो. घरातलं कुणीतरी मोबाइलवर अर्थ शोधतं, ‘पीछेहाट’, ‘अधोगती’ असं काहीतरी समोर येतं, आणि डॉक्टरांची भेट होईपर्यंत सगळं घर धास्तावून बसतं. खरं तर बातमी चांगली असते: गाठ आक्रसली आहे. त्याच घरातली मुलगी एआयचा कोर्स करत असेल, तर तिच्या पहिल्या काही धड्यांतच ‘लिनियर रिग्रेशन’ येतं. तिथे तर मागे जाणारं काही दिसतच नाही. आणि तिचा दादा सॉफ्टवेअर कंपनीत असेल तर ‘आज रिग्रेशन चालू आहे, उशीर होईल’ असा त्याचा मेसेज आलेला असतो.

शब्दाचं मूळ लॅटिन आहे. ‘रे’ म्हणजे मागे, ‘ग्रादी’ म्हणजे पाऊल टाकणं. मराठीत ‘प्रतिगमन’ म्हणतात, संख्याशास्त्राच्या परिभाषेत ‘समाश्रयण’ असाही शब्द आहे. पण बोलताना सगळे रिग्रेशनच म्हणतात, म्हणून इथेही तोच ठेवला आहे. हा शब्द समोर आला की एकच गोष्ट विचारायची: मागे कोण चाललंय, आणि मागे म्हणजे कुठे? बहुतेक वेळा एवढ्यावर उलगडा होतो. संख्याशास्त्रात मात्र होत नाही, आणि म्हणून या लेखाचा मोठा भाग तिकडेच जाणार आहे.

रिपोर्टमधलं रिग्रेशन

आजाराच्या भाषेत ‘प्रोग्रेशन’ म्हणजे आजार पुढे सरकला आणि ‘रिग्रेशन’ म्हणजे तो मागे हटला. एरवी प्रगती चांगली आणि पीछेहाट वाईट अशी आपल्या कानांना सवय असते, म्हणून गोंधळ होतो. इथे चालणारा आजार आहे, माणूस नव्हे.

किती मागे हटला याचं मोजमाप ठरलेलं आहे. घन गाठींच्या कॅन्सरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार, ठरवून निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज उपचारांआधीच्या तुलनेत किमान ३० टक्के कमी झाली, तर त्याला अंशतः प्रतिसाद म्हणतात. म्हणजे १० सेंटिमीटरची बेरीज ७ किंवा त्याखाली यायला हवी. रिग्रेशन म्हणजे आजार संपला असं नाही. आणि ‘रिकरन्स’ हा शब्द वेगळा आहे. त्याचा अर्थ आजार परत उद्भवला. हे दोन शब्द घाईत एकमेकांत मिसळतात, म्हणून रिपोर्ट अक्षरं लावून वाचा.

मूल मागे जातं तेव्हा

मानसशास्त्रात हा शब्द मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने रुजवला. ताण आला की माणूस वयाने मागच्या टप्प्यावरचं वागू लागतो, असा त्याचा अर्थ. घरात धाकटं भावंड आलं की चार वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं, बाटलीने दूध मागतं, बोबडं बोलतं. सहसा हे काही आठवड्यांत निवळतं. रागावल्याने लांबतं, जवळ घेतल्याने लवकर ओसरतं.

याच नावाची दुसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. दीड-दोन वर्षांचं मूल आधी ‘आई’, ‘पाणी’, ‘दे’ असे शब्द बोलत होतं आणि आता ते शब्दच गेले. हाक मारली तर बघत नाही, टाटा करत होतं ते थांबलं. याला विकासातलं रिग्रेशन म्हणतात आणि ऑटिझमच्या खुणांपैकी ती एक असू शकते. ‘मुलगे उशिरा बोलतात’ हे वाक्य इथे लागू होत नाही. उशिरा येणं वेगळं, आलेलं जाणं वेगळं. आलेलं गेलं तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे जायचं.

साधारण चार महिन्यांच्या बाळाची झोप अचानक मोडते, त्यालाही पालक ‘स्लीप रिग्रेशन’ म्हणतात. नाव चुकीचं आहे असं माझं मत, कारण त्या वयात झोपेची रचना बाळाची राहत नाही, मोठ्यांसारखी होऊ लागते. ते पुढचंच पाऊल आहे.

‘पास्ट लाइफ रिग्रेशन’बद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो. संमोहनात माणूस सूचनांना फार सहज वश होतो आणि त्या अवस्थेत मनाने रचलेली चित्रं खऱ्या आठवणींइतकीच खात्रीची वाटतात. त्यामुळे तिथे दिसलेलं मागच्या जन्माचा पुरावा ठरत नाही.

ॲप अपडेट झालं आणि चालणारं बंद पडलं

सॉफ्टवेअरमध्ये रिग्रेशन म्हणजे आधी नीट चालणारी गोष्ट नव्या बदलामुळे बिघडणं. प्रत्येक बिघाड रिग्रेशन नसतो. जे कधीच चाललं नव्हतं तो नुसता दोष. काल चालत होतं आणि आज नाही, ते रिग्रेशन. चालतंय, पण २ सेकंदांत उघडणारं पान आता ५ सेकंद घेतंय, तर तेही रिग्रेशनच, वेगातलं.

मराठीतलं उदाहरण घ्या. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. फरक त्या अर्ध्या र चा. हा अर्धा र संगणकात दोन पद्धतींनी लिहिला जातो: एक, खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन, दुसरी, साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. आता समजा, एका ॲपमध्ये शोध सुधारायचा म्हणून कुणी ‘न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाका’ अशी एक ओळ घातली. हिंदी, इंग्रजीत सगळं उत्तम चाललं. मराठीत मात्र दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं ‘आचाऱ्यांना’ हे ‘आचार्यांना’ होऊन बसलं. ज्याने बदल केला त्याने मराठीला हातही लावला नव्हता. रिग्रेशन असंच येतं: गळती एका खोलीत बुजवली आणि पाणी दुसऱ्या खोलीत निघालं.

यावर उपाय म्हणजे रिग्रेशन टेस्टिंग, अर्थात प्रत्येक बदलानंतर जुनं सगळं पुन्हा तपासणं. चांगली शिस्त अशी: दोष सापडला की दुरुस्ती करण्याआधी तो दोष पकडणारी छोटी चाचणी लिहायची. ती नापास होते हे डोळ्यांनी बघायचं. मग दुरुस्ती करायची, चाचणी पास झालेली बघायची, आणि ती चाचणी कायमची ठेवून द्यायची. नापास झालेली बघण्याची पायरी बरेच जण गाळतात. मग चाचणी काहीच तपासत नव्हती हे वर्षभराने कळतं.

बिघाड कोणत्या बदलाने आणला हे शोधायची रीतही सोपी आहे. समजा, चालणारी शेवटची आवृत्ती आणि आजची बिघडलेली यांच्यात १,००० बदल झालेत. मधला, ५००वा बदल उघडा. तिथे चालतंय? मग दोष पुढच्या ५०० मध्ये. नाही चालत? मग आधीच्या ५०० मध्ये. पुन्हा अर्धे करा. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो. १० वेळा अर्धे केले की १,०२४ मधला एक हाती लागतो, म्हणून १,००० बदलांना १० तपासण्या पुरतात. २००५ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्सने सुरू केलेल्या ‘गिट’मध्ये यासाठी ‘बायसेक्ट’ नावाची तयार आज्ञा आहे. ही रीत फसते ती चाचणी बेभरवशाची असेल तेव्हा. एकदा पास, एकदा नापास असं झालं की एक चुकीचं उत्तर तुम्हाला भलत्याच अर्ध्यात नेतं आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात. अशा वेळी प्रत्येक थांब्यावर चाचणी चार-पाचदा चालवावी.

समुद्राचं आणि शेषाचं

भूशास्त्रात किनारा समुद्राकडे सरकला, जमीन उघडी पडली, की त्याला समुद्राचं रिग्रेशन म्हणतात. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना जगभरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. तेव्हा कोकणचा किनारा आजच्या किनाऱ्याच्या पश्चिमेला कित्येक किलोमीटर दूर होता. तर्कशास्त्रात याच घराण्यातला ‘इन्फिनिट रिग्रेस’ आहे, आणि त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: अनवस्था. पृथ्वी शेषाच्या फण्यावर, मग शेष कशावर? तो ज्यावर, ते कशावर? ही साखळी कुठे टेकतच नाही, म्हणून न्यायदर्शनाने, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राने, अनवस्थेला दोष मानलं.

आता संख्याशास्त्र: गाल्टनने काय मोजलं?

फ्रान्सिस गाल्टन (१८२२–१९११) हा चार्ल्स डार्विनचा नातलग. आनुवंशिकतेने त्याला झपाटलं होतं. १८७५ मध्ये त्याने स्वीट पी या फुलवेलीच्या बिया आकारानुसार ७ गटांत लावून मित्रांना पेरायला दिल्या. मोठ्या बियांच्या वेलींना आलेल्या बिया मोठ्या होत्या, पण आईइतक्या नाहीत. लहान बियांच्या पोटी लहान, पण तितक्या लहान नाहीत.

मग माणसं. १८८६ साली छापलेल्या निबंधात त्याने २०५ जोडप्यांची आणि त्यांच्या ९२८ प्रौढ मुलामुलींची उंची मांडली. बाई आणि पुरुष एका मापात कसे आणायचे? प्रत्येक स्त्रीची उंची त्याने १.०८ ने गुणली. म्हणजे आई ६२.५ इंच असेल तर ती ६७.५ धरायची, वडील ६९ इंच, दोघांची सरासरी ६८.२५. ही झाली ‘मध्यपालक’ उंची. गंमत म्हणजे सगळ्या लोकांची सरासरीही त्याला साधारण ६८.२५ इंचच मिळाली होती, त्यामुळे हे जोडपं अगदी मधोमध.

आता ज्यांची मध्यपालक उंची सरासरीपेक्षा ३ इंच जास्त, म्हणजे ७१.२५, अशी जोडपी घ्या. त्यांची मुलं सरासरीपेक्षा ३ नव्हे, २ इंचच उंच निघाली: ७०.२५. बुटक्यांचंही तसंच, उलट दिशेने. फरकाचे दोन-तृतीयांश उरतात, एक-तृतीयांश विरतात. या मधल्या जागेकडे परतण्याला गाल्टनने आधी ‘रिव्हर्जन’ म्हटलं, पुढे ‘रिग्रेशन’. शब्द संख्याशास्त्रात शिरला तो इथे. मागे जाणारं होतं मुलांचं टोकाचं माप, आणि मागे म्हणजे सरासरीकडे.

(गाल्टनबद्दल हेही सांगायला हवं की ‘उत्तम’ माणसांची पैदास वाढवावी, या विचाराला त्यानेच १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ हे नाव दिलं. त्या विचाराने पुढच्या शतकात माणसांचं फार मोठं नुकसान केलं. उंचीचा आलेख बरोबर आणि हा विचार घातक, दोन्ही एकाच माणसाचे.)

मग हळूहळू सगळे सारख्याच उंचीचे का होत नाहीत?

ही शंका प्रत्येकाला येते, आणि यायलाच हवी. उत्तर गाल्टनच्या आकड्यांतच आहे. तेच कागद उलटे वाचा. जी मुलं सरासरीपेक्षा ३ इंच उंच, त्यांचे आईवडील शोधा. त्यांची मध्यपालक उंची सरासरीपेक्षा फक्त १ इंच जास्त निघाली. म्हणजे मुलांकडून बघितलं तर आईवडीलच सरासरीकडे सरकलेले! मुलांनी आईवडिलांना मागच्या काळात खेचलं असं तर होऊ शकत नाही. तेव्हा इथे खेचणारी शक्ती कुठलीच नाही. मधल्या उंचीची जोडपी संख्येने पुष्कळ असतात, त्यांच्या पोटी काही खूप उंच आणि काही खूप बुटकी मुलं येतात आणि टोकाच्या रिकाम्या जागा भरतात. माणसं बदलतात, पसारा तेवढाच राहतो.

कारण साधं आहे. टोकाचा आकडा बहुधा दोन गोष्टींनी बनतो: टिकाऊ गुण आणि त्या वेळचा योग. पुढच्या खेपेला गुण सोबत येतात, योग येतोच असं नाही. नुसता योग असेल तर पूर्ण परतावा होतो. ३६० जणांनी दोन-दोन फासे टाकले, तर १० किंवा जास्त बेरीज साधारण ६० जणांची येईल. त्या ६० जणांना पुन्हा टाकायला सांगा, सरासरी ७ च्या आसपास येईल, बाकीच्यांइतकीच. उलट निव्वळ गुण असेल, योग शून्य, तर परतावा अजिबात नाही. आयुष्यातलं बहुतेक सगळं या दोहोंच्या मध्ये असतं.

आणि ‘सलग पाच वेळा छापा पडला, आता काटा पडायलाच हवा’ हे रिग्रेशन नाही. सहाव्या वेळीही शक्यता निम्मीच. मागचं भरून काढायला नाणं बांधील नसतं.

मग रेषा कुठून आली?

एआयच्या कोर्समधलं रिग्रेशन हे दुसरंच काम करतं: एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज. एका रसवंतीचे पाच दिवस समजा. कमाल तापमान ३२, ३४, ३६, ३८, ४० अंश. विकलेले ग्लास ९०, ११५, १२०, १५०, १६५. आलेखावर हे पाच ठिपके साधारण चढत्या ओळीत बसतात, पण एका रेषेत नाहीत. कोणती रेषा सगळ्यांना न्याय देईल?

सरासरी तापमान ३६, सरासरी ग्लास १२८. प्रत्येक दिवसाचा सरासरीपासूनचा फरक काढा: तापमानाचे –४, –२, ०, २, ४ आणि ग्लासांचे –३८, –१३, –८, २२, ३७. जोडीजोडीने गुणा आणि बेरीज करा: १५२ + २६ + ० + ४४ + १४८ = ३७०. तापमानाच्या फरकांचे वर्ग करून बेरीज करा: १६ + ४ + ० + ४ + १६ = ४०. आता ३७० ला ४० ने भागा: ९.२५. म्हणजे पारा एक अंश चढला की साधारण सव्वानऊ ग्लास जास्त. ३७ अंशांचा अंदाज १२८ अधिक ९.२५, म्हणजे १३७ ग्लास. उसाच्या मोळ्या किती मागवायच्या ते यावरून ठरवता येईल.

ही रेषा पाच दिवसांत अनुक्रमे –१, ५.५, –८, ३.५ आणि ० ग्लासांनी चुकते. चुकांचे वर्ग करून बेरीज केली तर १०७.५. दुसरी कुठलीही सरळ रेषा ओढा, ही बेरीज वाढेलच. म्हणून या रीतीला लघुतम वर्गांची रीत म्हणतात. वर्ग कशासाठी? नाहीतर अधिक आणि उणे चुका एकमेकींना खाऊन टाकतात. इथेही नुसती बेरीज शून्यच येते.

फसगत कुठे होते तेही याच रसवंतीत दिसतं. २२ अंशांचा अंदाज काढा: उणे दीड ग्लास. रेषा ३२ ते ४० मध्ये शिकली आहे, त्याबाहेरचं तिला काही ठाऊक नाही. दुसरं, एखाद्या दिवशी शेजारी जत्रा भरली आणि ४०० ग्लास गेले, तर तो एक ठिपका वर्गामुळे सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेतो. आणि तिसरं, रेषा जुळली म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं सिद्ध होत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीतली गर्दीही त्याच दिवसांत असते.

यात मागे जाणारं काय आहे? काहीच नाही. लघुतम वर्गांची रीत लेजांद्र या गणितज्ञाने १८०५ मध्ये छापली, गाउस या गणितज्ञाने १८०९ मध्ये. दोघेही ग्रह-धूमकेतूंच्या कक्षा काढत होते. गाल्टनच्या आलेखावरच्या दोन-तृतीयांश उताराच्या रेषेला ‘रिग्रेशन रेषा’ म्हणत. पुढे उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये त्या रेषेची लघुतम वर्गांशी गाठ घालून दिली, आणि नाव सगळ्याच रेषांना चिकटलं. आता मशीन लर्निंगमध्ये उत्तर आकडा असेल तर ‘रिग्रेशन’ आणि उत्तर गट असेल (हो की नाही, आंबा की पेरू) तर ‘क्लासिफिकेशन’ म्हणतात. तरीही ‘लॉजिस्टिक रिग्रेशन’ वापरतात ते मुख्यतः हो-नाही ठरवायला, कारण ते आधी शक्यतेचा आकडा काढतं. विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. चूक त्यांची नाही, नावाची आहे.

‘ओरडलं की सुधारतात’ हे खरं का?

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांचा अनुभव सांगितला आहे. प्रशिक्षकांचं म्हणणं: उत्तम उड्डाणाचं कौतुक केलं की पुढचं बिघडतं, वाईट उड्डाणावर ओरडलं की पुढचं सुधारतं. निरीक्षण खरं, निष्कर्ष चुकीचा. फारच चांगल्यानंतर जरा कमी आणि फारच वाईटानंतर जरा बरं येतंच, तोंडातून शब्द काढला नाही तरी. दोन परीक्षांच्या गुणांचा सहसंबंध (दोन्ही आकडे किती जुळून चालतात याचं माप, पूर्ण जुळले तर १) ०.६ असेल आणि गुणांचा पसारा सारखा असेल, तर सरासरीपेक्षा ३० गुण वर असलेला विद्यार्थी पुढच्या वेळी अंदाजे १८ वर दिसेल. त्याचं डोकं कमी झालं नाही, अभ्यासही सुटला नाही. आणि ज्या मुलाला मारलं तो ‘सुधारला’ म्हणून मार कामी आला, असं समजून किती मुलांनी किती मार खाल्ला असेल याचा विचार केला की हा विषय पुस्तकी राहत नाही.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर होते. गेल्या वर्षी सर्वांत जास्त अपघात झालेल्या १० जागा निवडून तिथे कॅमेरे लावले, अपघात घटले. काही घट कॅमेऱ्यांमुळे असेलही, पण टोकाच्या जागा निवडल्यामुळे काही घट तशीही होणारच होती. पाठदुखी असह्य झाली की माणूस औषध घेतो. पुढचा आठवडा बरा जातो, श्रेय औषधाला. रक्तदाबाच्या एकाच वाढीव आकड्यावर गोळी सुरू न करता, प्रकृती तातडीची नसेल तर, डॉक्टर वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजतात त्यामागे हेही एक कारण आहे.

‘म्हणजे उपायांचा उपयोगच नाही का?’ असतो, पण तो नुसत्या ‘आधी आणि नंतर’मध्ये दिसत नाही. ज्या २० जागांवर अपघात सर्वांत जास्त, त्यांतल्या १० चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि कॅमेरे तिथेच लावावेत. वर्षाने दोन्ही गटांची घट मोजावी. कॅमेरे नसलेल्या जागांवर अपघात १०० वरून ८० आले आणि कॅमेरे असलेल्या जागांवर १०० वरून ६०, तर कॅमेऱ्यांच्या पदरात ४० नव्हे, २० टाकायचे. चिठ्ठ्या टाकणं जमत नसेल तर एका वर्षाच्या आकड्यावर जागा निवडू नयेत, मागच्या चार-पाच वर्षांची सरासरी धरावी. योगाचा वाटा तिथे बराच विरून जातो.